ऑगस्टमधली जांभळी हाइडे

नमस्कार श्रोतेहो. हॅम्बुर्ग, ब्रेमेन किंवा हॅनोव्हरच्या आसपास राहत असाल, तर ऑगस्टमधला एक दिवस ल्युनेबुर्गर हाइडेसाठी राखून ठेवा. हाइडे म्हणजे रेताड जमिनीवरचं झुडपी माळरान; ऑगस्टमध्ये ही झुडपं जांभळ्या फुलांनी भरतात. तिथले लोक फुलोऱ्याचा हिशोब ८ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर असा सांगतात. आमच्या मते १५ ते २५ ऑगस्टदरम्यान जावं. मात्र उन्हाळा कोरडा गेला, तर झुडपं तपकिरीच राहतात. २०१८ साली तसंच झालं. म्हणून तिकीट काढण्याआधी तिथल्या पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुलोऱ्याची स्थिती बघा.

हॅम्बुर्गहून बुखहोल्त्सला गाडी बदलून हांडेलोह किंवा श्नेफरडिंगेनला उतरा. मध्य जुलै ते मध्य ऑक्टोबर हाइडे-शटल ही मोफत बस चालते, सायकलही नेते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवा. ती चुकली तर खेड्यात टॅक्सी मिळणं कठीण.

शटलने उंडेलोह गावी या; तिथून विल्झेडे या खेड्यापर्यंत चालत सव्वा तास लागतो. या भागात मोटारींना बंदी आहे. घोडागाड्या मिळतात, पण त्या ठरलेल्या रस्त्यानेच जातात आणि रविवारी दुपारी गर्दी उसळते. पायीच जा. सायकल घेतलीत तर वाळूत चाकं रुततात, अर्धी वाट ढकलत न्यावी लागते. विल्झेडेहून १६९ मीटर उंचीच्या विल्झेडर बेर्ग या टेकडीवर जा, मग उलट दिशेला टोटेनग्रुंडच्या कडेवर. ही दरी १९०६ साली पाद्री विल्हेल्म बोडे यांच्या पुढाकाराने विकत घेतली गेली, म्हणून तिथे बंगले उभे राहिले नाहीत. भर दुपारी रंग फिका दिसतो; दहाच्या आत किंवा चारनंतर पोहोचा.

हे माळरान जंगल तोडून, मेंढ्या चारून तयार झालेलं आहे. हाइडश्नुके जातीच्या मेंढ्या कोवळे शेंडे आणि बर्च-पाइनची रोपं खातात. चराई थांबली, की झुडपं लाकडासारखी जून होतात, फुलं कमी येतात आणि काही वर्षांत झाडी पुन्हा चढते. मेंढ्यांना जे जमत नाही ते यंत्रं करतात: वरचा थर खरवडून खालची नापीक वाळू उघडी पाडतात. तिथे नवं बी रुजतं. वाटेत असा उघडा पट्टा दिसला, तर कोणी नासधूस केली असं समजू नका! फोटोसाठी मात्र वाट सोडून झुडपांत शिरू नका. फुलं तोडायलाही मनाई आहे.

सावली कमी, म्हणून माणशी दीड लिटर पाणी घ्या. विल्झेडेत बकव्हीटचा (कुट्टूचा) केक मिळतो, तो जरूर खा. हाइडेचा मध जेलीसारखा घट्ट असतो, ती भेसळ नव्हे.

पूर्ण पँट घाला, ती मोज्यांत खोचा. घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सावकाश सरळ ओढा, तेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती लाल कडं पसरलं, तर डॉक्टरांना दाखवा.