डॉक्टर सोडून

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चौकशी, नीटला किती पडले? कमी पडले की मेडिकलचा विषय संपला, असं आपण धरून चालतो. पण कुठल्याही मोठ्या रुग्णालयात रात्री दोन वाजता वॉर्डात जाऊन बघा, डॉक्टर एखादाच असतो. बाकी सगळं नर्स, मामा, मावश्या आणि खालचा लॅबवाला यांच्या जिवावर चालतं. आज बोलू या डॉक्टर सोडून अशा इतर कामांबद्दल.

पुण्याला नर्सिंग नवीन नाही. 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने इथे सेवासदन उभं राहिलं आणि तिथल्या मुली, त्यात कितीतरी विधवा, नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. त्या काळी लोकांनी नाकं मुरडलीच.

आता कामाचं बोलू. नर्सिंगमध्ये एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकेचा कोर्स, दोन वर्षांचा; जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचा; आणि बीएस्सी नर्सिंग ही पदवी चार वर्षांची. बीएस्सीला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, पण एएनएम आणि जीएनएमला आर्ट्सची बारावीही चालते, आणि नेमकं हेच कित्येकांना कुणी सांगत नाही. फी भरण्याआधी मात्र एवढं विचारा: कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते का? उत्तर गोलमोल आलं, तर उठून या. दोन खोल्यांत थाटलेल्या ‘इन्स्टिट्यूट’चं सर्टिफिकेट भिंतीवर छान दिसतं, सरकारी भरतीत त्याला कुणी विचारत नाही.

समाजकार्याकडे तर आपलं लक्षच नसतं. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तपासून खाट मिळवून देणारा माणूस म्हणजे वैद्यकीय समाजसेवक. त्यासाठी दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करावं लागतं. पुण्यात 1963 साली सुरू झालेली कर्व्यांच्या नावाची समाजसेवा संस्था ते शिकवते. पगार सुरुवातीला बेताचाच असतो, खोटं कशाला सांगू.

आणि आता ज्याची मागणी मला सगळ्यात जास्त दिसते ते काम: घरी जाऊन आजारी, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणं. कोथरूड, सहकारनगर, औंध, कुठेही जा. मुलं अमेरिकेत, आजी-आजोबा इथे. मग अशी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन जातो: बारा तासांची बाई हवी, किंवा चोवीस तासांची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, पाठ आणि टाचा लाल झाल्यात का बघायचं, भरवताना डोकं वर ठेवायचं, लघवीची पिशवी कमरेच्या खालीच राहील याकडे लक्ष द्यायचं. हे कौशल्य आहे. आपण मात्र त्याला ‘वरकाम’ म्हणतो आणि त्याच मावशींना भांडी घासायला लावतो! याचा मला राग येतो.

या कामात उतरणाऱ्यांनी आधी बेडसाइडचं, म्हणजे रुग्णाच्या खाटेजवळच्या सेवेचं, प्रशिक्षण घ्यावं, त्याने मजुरीही वाढते. ब्यूरो कमिशन किती कापतो, आठवड्याची सुट्टी कुठली, चोवीस तासांच्या ड्युटीत झोप किती वाजता, हे पहिल्या दिवशी लिहून घ्या. आणि बाई ठेवणाऱ्यांनो, तिच्या जेवणाची वेळही त्याच कागदावर लिहा.

नमस्कार.