'द वॉल': विटा दुसऱ्यांच्या, गवंडी पिंकच

[पडदा काळा. गर्दीचा गलका, मध्येच फटाका फुटल्याचा आवाज.]

६ जुलै १९७७. कॅनडातल्या माँट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या दौऱ्याचा हा शेवटचा कार्यक्रम. पुढच्या रांगांमध्ये आरडाओरडा चाललाय, फटाके फुटताहेत. गाणं ऐकायला कोण आलंय आणि नुसता धिंगाणा घालायला कोण, हे मंचावरून कळायला मार्ग नाही. बँडचा बास वादक आणि गीतकार रॉजर वॉटर्स भडकतो आणि एका चाहत्याच्या तोंडावर थुंकतो.

नंतर त्याला स्वतःचीच शिसारी आली. मंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये सरळ एक भिंत बांधावी, ही कल्पना त्यातून निघाली. पुढे १९७९ मध्ये तिचा अल्बम झाला, १९८०-८१ मध्ये रंगमंचावरचे प्रयोग झाले आणि १९८२ मध्ये चित्रपट. तिन्हींचं नाव 'द वॉल'.

एका दुखावलेल्या कलाकाराची करुण कहाणी म्हणून 'द वॉल'कडे पाहायची सवय आहे. ती तशी आहेही. पण तिच्या मुळाशी एक थुंकणं आहे आणि थुंकणारा मंचावर उभा होता. हे ध्यानात ठेवलं नाही तर चित्रपटाचा उत्तरार्ध नीट कळत नाही.

[दृश्य: अल्बमचं कव्हर. पांढऱ्या विटा, बारीक रेषा. कुठेही अक्षर नाही.]

अल्बम दोन एलपींचा, म्हणजे दोन मोठ्या तबकड्यांचा. चार बाजू, सव्वीस गाणी. निर्माता बॉब एझ्रिन याने वॉटर्सच्या कच्च्या ध्वनिमुद्रणांवरून चाळीस पानांची पटकथाच लिहून काढली, म्हणजे गाणी जोडली जाण्याआधी गोष्ट जोडली गेली. नायक पिंक नावाचा रॉक गायक. पहिल्या दोन बाजूंमध्ये त्याच्या मनाभोवती भिंत चढत जाते, प्रत्येक घाव ही तिची एक वीट, आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात शेवटची वीट बसते. तिसरी बाजू भिंतीच्या आतली. चौथीत भिंतीमागे काय कुजलं ते बाहेर येतं.

एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपेक्षा जास्त संगीत कोंबलं तर खाचा अरुंद होतात आणि आवाज पडतो. या अडचणीपायी 'व्हॉट शॅल वी डू नाऊ' हे गाणं ऐन वेळी वगळलं गेलं. 'हे यू' तिसऱ्या बाजूच्या शेवटाकडून उचलून सुरुवातीला आणलं. तोवर आतली पानं छापून झाली होती. म्हणून मूळ एलपीवर न वाजणाऱ्या गाण्याचे शब्द आहेत आणि 'हे यू'चे शब्द भलत्याच जागी आहेत.

सगळ्या अल्बमभर एक छोटी सुरावट फिरत राहते. आपल्या पद्धतीने सांगायचं तर सा, रे, कोमल ग, रे. एवढीच. 'अनदर ब्रिक इन द वॉल' या गाण्याच्या तिन्ही भागांमध्ये ती आहे, आणि पुढे पिंक हुकूमशहा होतो तेव्हा त्याच्या मोर्चातही तीच कानावर येते. वडिलांवरचं दुःख आणि जमावाची आरोळी एकाच चालीवर बेतली आहे.

[दृश्य: फ्रान्समधला डोंगराळ भाग. स्टुडिओचं दार.]

अल्बम घडत होता तेव्हा बँडमध्येही माणसं एकमेकांपासून तुटत होती. गुंतवणुकीत पैसे बुडाले होते. ब्रिटनमधला कर टाळण्यासाठी वर्षभर देशाबाहेर राहणं भाग होतं, त्यामुळे बरंच काम फ्रान्स आणि अमेरिकेत झालं. कीबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट याला बँडमधून काढण्यात आलं आणि पुढच्या प्रयोगांना तो ठरावीक मानधनावरचा वादक म्हणून आला. त्या प्रयोगांमध्ये बँडला तोटा झाला. चौघांपैकी पैसे कमावले ते एकट्या राइटनेच, कारण तोट्यात त्याचा वाटाच नव्हता.

आता विटा पाहू. पहिली वीट वडिलांची. वॉटर्सचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. मुलगा तेव्हा पाच महिन्यांचा होता. चित्रपटात पिंकचे वडीलही अँझिओलाच मरतात.

[दृश्य: खेळाचं मैदान. झोपाळे. संवाद नाही, 'अनदर ब्रिक'चा पहिला भाग.]

दिग्दर्शक ॲलन पार्कर याने इथे एकही शब्द वापरलेला नाही. आईने मैदानात सोडलेला छोटा पिंक एका माणसाला चिकटतो. तो माणूस आपल्या मुलाला खेळवतोय, याचंही करतो. मग निघायची वेळ होते. त्याच्या एका हातात स्वतःचा मुलगा आहे. पिंक त्याचा मोकळा हात धरतो. माणूस हात सोडवून घेतो, पिंक पुन्हा धरतो, तो पुन्हा झटकतो, या वेळी जरा जोराने. त्यात दुष्टपणा अजिबात नाही, परक्या मुलाला कोणीही असंच दूर करेल. पिंक झोपाळ्यावर जाऊन बसतो. शेजारच्या मुलांना कुणी ना कुणी झोका देतंय, हा स्वतःच पाय मारत राहतो. संपूर्ण चित्रपटात मला याहून नेमकं दृश्य सापडत नाही. युद्धात मेलेल्या बापाचं प्रतीक करायला झेंडे आणि गरुड लागत नाहीत, हे इथे कळतं.

गरुड आहेतच म्हणा. व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ याच्या ॲनिमेशनमध्ये पांढऱ्या पाखराच्या चिंधड्या उडवून काळा गरुड लंडनवर येतो, ब्रिटिश ध्वज फुटून त्याचा रक्ताळलेला क्रूस उरतो आणि ते रक्त गटारात वाहून जातं. रेषा जबरदस्त आहे, पण ती सांगते जास्त आणि दाखवते कमी.

दुसरी वीट शाळेची. 'अनदर ब्रिक'चा दुसरा भाग मुळात एक कडवं आणि एक ध्रुपद एवढाच होता. एझ्रिनने तेच ध्वनिमुद्रण जोडून लांबवलं, खाली डिस्कोचा ठेका टाकला आणि दुसरं कडवं मुलांकडून गाऊन घ्यायचं ठरवलं. लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली २३ मुलं आली. त्यांचा आवाज बारा वेळा एकावर एक चढवला, तेव्हा कुठे तो शाळाभर मुलांचा वाटू लागला.

चित्रपटात एकसारखे निर्विकार मुखवटे घातलेली मुलं पट्ट्यावरून चालत खिमा करायच्या यंत्रात पडतात. मग बंड होतं, बाकं मोडतात, आग लागते. पुढच्याच क्षणी पिंक वर्गात बसलेला दिसतो, छडी लागलेला हात चोळत. सगळं बंड त्याच्या डोक्यात झालं. जगभर हे गाणं बंडाचं म्हणून गायलं जातं; पडद्यावर मात्र त्या मुलाने जागचं बूडही हलवलेलं नाही. आणि छडी मारणारा मास्तर? घरी बायको त्याला ताटातला चामट तुकडा मुकाट्याने गिळायला लावते. त्याचा राग दुसऱ्या दिवशी वर्गात निघतो. वीट अशी हातोहात पुढे जाते.

तिसरी वीट टेलिफोनची. दौऱ्यावर असलेला पिंक अमेरिकेतून लंडनला बायकोला फोन लावतो. परका पुरुष उचलतो आणि ठेवून देतो. अल्बमवर ऐकू येणारी ऑपरेटर खरी आहे आणि आपण नाटकात आहोत हे तिला माहीतच नव्हतं. समोरचा माणूस सारखा फोन का ठेवतोय, याचं तिचं गोंधळणं अस्सल आहे. पिंकच्या संसाराचा शेवट एका अनोळखी बाईच्या कामकाजी आवाजात जाहीर होतो.

[दृश्य: रंगमंच. पुठ्ठ्याच्या पांढऱ्या विटा, वर चढणारे कामगार.]

रंगमंचावर भिंत खरोखर बांधली जायची. पुठ्ठ्याच्या मोठाल्या विटा, पूर्वार्धभर कामगार एकेक थर चढवायचे आणि मध्यंतराला शेवटचं भोक बुजायचं. सुरुवातीला बँडच्या चेहऱ्यांचे मुखवटे घातलेले दुसरेच वादक वाजवायचे आणि लोक त्यांनाच टाळ्या द्यायचे. उत्तरार्धात 'हे यू' भिंतीमागून वाजायचं, समोर दिसायची ती नुसती भिंत. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला कलाकार दिसू नये, हीच तर माँट्रियलची इच्छा होती. 'कम्फर्टेबली नम' या गाण्याला बँडचा गिटार वादक डेव्हिड गिलमोर भिंतीच्या माथ्यावर उगवायचा आणि सोलो वाजवायचा.

चित्रपट आधी या प्रयोगांवरच बेतायचा होता. जून १९८१ मध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टला चित्रीकरणही झालं. पण मंचावर प्रकाश कमी, आणि कमी प्रकाशात चालणाऱ्या भिंगांतून मोठ्या पडद्याला पुरेशी स्पष्ट प्रतिमा मिळेना. ते फुटेज बाजूला ठेवलं गेलं. वॉटर्सला स्वतः पिंक व्हायचं होतं, त्याच्या चाचण्या जमल्या नाहीत. बूमटाउन रॅट्स या बँडचा बॉब गेल्डॉफ याला ती भूमिका मिळाली. नुकसानीतून फायदा झाला तो असा: प्रेक्षकाला भिंतीच्या बाहेर बसवणारं नाटक गेलं आणि त्याला भिंतीच्या आत कोंडणारा चित्रपट आला.

आत म्हणजे हॉटेलची खोली. एक खुर्ची, मनगटावर मिकी माउसचं घड्याळ, बोटात जळत आलेली सिगारेट आणि तिची न झाडलेली लांब राख. समोर टीव्हीवर दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्याचा जुना चित्रपट. पिंक खोलीची नासधूस करतो. त्यात खिडकीची पट्टी ओढताना गेल्डॉफचा हात खरोखर कापला आणि तो शॉट तसाच ठेवला आहे. मग फुटक्यातुटक्या वस्तू तो जमिनीवर ओळीत मांडत बसतो, निगुतीने. नंतर वस्तरा घेऊन अंगावरचे केस, भुवया सगळं उतरवतो. १९७५ मध्ये बँडचा मूळ म्होरक्या सिड बॅरेट असाच, डोकं आणि भुवया भादरून, अचानक स्टुडिओत आला होता आणि जुन्या मित्रांना त्याची ओळख पटायला वेळ लागला होता. ही मांडामांड आणि ही हजामत मला यंत्रात पडणाऱ्या मुलांपेक्षा जास्त भिववते. इथे पिंकला कोणी काही करत नाहीये, विटा आता तो स्वतः रचतोय.

'कम्फर्टेबली नम'चा उगमही १९७७ चाच, माँट्रियलच्या आठवडाभर आधीचा. फिलाडेल्फियात पोटात कळा येत असताना डॉक्टरने वॉटर्सला इंजेक्शन दिलं आणि बधिर हातांनी त्याने कार्यक्रम निभावला. गाण्यात डॉक्टरचं कडवं बी मायनरमध्ये, वॉटर्सच्या आवाजात. पिंकचं उत्तर डी मेजरमध्ये, गिलमोरच्या आवाजात. दोघं एकाच खोलीत आहेत, पण सूर वेगळा, गळा वेगळा. एकाचं दुसऱ्याला पोचतच नाही.

पडद्यावर मॅनेजर दार फोडतो, इंजेक्शन टोचलं जातं, पिंकला उचलून गाडीत कोंबतात. वाटेत त्याचं अंग वितळल्यासारखं गुलाबी लगद्याने झाकलं जातं. तो ते ओरबाडून काढतो आणि आतून गणवेशातला हुकूमशहा निघतो. हाच तो उत्तरार्ध. लोकांपासून इतका दूर गेलेला माणूस लोकांसमोर उभा राहतो तेव्हा त्याला समोर माणसं दिसत नाहीत, जमाव दिसतो. सभेचं गाणं चित्रपटाच्या सुरुवातीच्याच गाण्याची चाल घेऊन येतं. मैफल आणि सभा यांत चालीचा फरक नाही.

इथे मात्र चिन्ह हाताबाहेर गेलं. सभेतल्या गर्दीसाठी खरे स्किनहेड, म्हणजे डोकं भादरून टोळीने फिरणारे तरुण घेतले होते. स्कार्फचे एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे फॅसिझमची खिल्ली उडवण्यासाठी काढलेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॅलसमध्ये निघालेल्या हॅमरस्किन्स या वंशवादी टोळीने तेच हातोडे आपलं बोधचिन्ह म्हणून उचलले. खिल्लीचं चिन्ह इतकं देखणं काढलं, की ज्यांची खिल्ली त्यांनाच ते आवडलं. उलट १९८० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध उठलेल्या विद्यार्थ्यांनी 'अनदर ब्रिक'चा दुसरा भाग आपला मानला आणि सरकारने त्यावर बंदी घातली. दोन्ही चिन्हं एकाच अल्बमच्या घरातली.

मग पिंकच्या डोक्यातच चालणारा खटला. पिंक चिंध्यांचा बाहुला, न्यायाधीश भलंमोठं ढुंगण. मास्तर, बायको, आई साक्षीला येतात. बायको विंचवासारखी, आई गिळून टाकणारी. बाप अनुपस्थित राहून पवित्र, बायका हजर राहून राक्षसीण, हा या कथेचा सरळ सरळ दोष आहे आणि स्कार्फच्या रेषेने तो आणखी ठळक झाला. शिक्षा मात्र चोख सुचली आहे: भिंत पाडा, याला लोकांसमोर उघडा करा.

चित्रपट ९५ मिनिटांचा. वॉटर्सचं नंतर म्हणणं पडलं की तो प्रेक्षकावर सतत आदळत राहतो, आत शिरायला वाव देत नाही. त्याच्या या तक्रारीत तथ्य आहे, पण वाव देणारं एक गाणं कापलं गेलं त्याला तोही जबाबदार होता. 'हे यू' म्हणजे भिंतीच्या आतून बाहेरच्याला घातलेली हाक. पिंक मदत मागतो अशी जागा अख्ख्या कथेत फार थोडी. त्या गाण्याची दृश्यं बरीचशी इतर प्रसंगांमधलीच वाटत होती, म्हणून पुनरुक्ती नको असं पार्कर आणि वॉटर्सने ठरवलं. परिणाम असा, की पडद्यावर भिंत पूर्ण होते आणि पिंक जवळजवळ लगेच आतला रहिवासी होऊन बसतो, बाहेर यायची धडपड दिसतच नाही. हे कापलेलं रीळ १९९९ च्या डीव्हीडीत कृष्णधवल, कच्च्या रूपात पाहायला मिळतं. चित्रपटाच्या मध्यावर, शेवटची वीट बसल्यावर थांबून ते पाहावं आणि मग पुढे जावं.