रडलं की गुलाबी, गप्प झालं की निळं

[दृश्य: प्रसूतिकक्ष. वॉर्मरवर नुकतंच जन्मलेलं बाळ.]

बाळ जन्मलं, रडलं, अंग छान गुलाबी झालं. मग ते शांत झालं, तोंड मिटलं आणि ओठ निळे पडू लागले. दर श्वासाला छाती आत ओढली जातेय. कासावीस होऊन बाळ पुन्हा रडलं, रंग परत आला. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

हृदयाचा दोष असलेलं बाळ रडलं तर सहसा जास्त निळं पडतं. इथं उलट. हे ध्यानात घेणारी एखादी सिस्टर त्या क्षणी तिथं हजर असावी, यापेक्षा मोठं भाग्य या बाळाला नाही.

नाक मागे घशात उघडतं, ती दोन्ही दारं या बाळाला बंद आहेत. या दोषाला म्हणतात कोअनल अट्रेशिया. साधारण 5 ते 8 हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, मुलींमध्ये अधिक. गर्भ काही आठवड्यांचा असताना तिथला पडदा विरून वाट मोकळी व्हायची असते, ती होत नाही. बहुतेक मुलांत या अडथळ्यात हाडही असतं. निव्वळ पातळ पडदा क्वचितच.

मोठ्या माणसाचं नाक चोंदलं तर तो तोंडानं श्वास घेतो. नवजात बाळाला ते जमत नाही. त्याचं स्वरयंत्र घशात इतकं वर असतं, की दूध पिता पिता नाकानं श्वास चालू राहतो. पण नाकच बंद असेल, तर हीच सोय जिवावर उठते.

[दृश्य: सिस्टरच्या हातात बारीक नळी.]

तपासणी साधी आहे. बारीक रबरी नळी एकेका नाकपुडीतून सरकवायची. तीन-साडेतीन सेंटिमीटरवर अडली आणि पुढे जाईना, तर संशय घ्यायचा. सीटी स्कॅन नंतर होतो, तोही नाकातला शेंबूड आधी ओढून, नाहीतर चित्र फसवतं.

आणि ऑपरेशन? त्याआधी तोंडात एअरवे, म्हणजे हवेसाठीची आखूड वाकडी नळी, बसवायचा. त्यानं जीभ पुढे राहते आणि तोंडातून हवा जाते. दूध तोंडातून पोटात सोडलेल्या नळीनं. हे मला आवर्जून सांगायचंय: घाई श्वासाची आहे, सुरीची नाही. एअरवे नीट बसला की मोठ्या रुग्णालयात न्यायला आणि बाकीच्या तपासण्यांना वेळ मिळतो.

त्या तपासण्या टाळून चालत नाही. यातल्या बऱ्याच मुलांना आणखीही दोष असतात. डोळे, हृदय, कान, वाढ असे अनेक दोष एकत्र दिसतात, त्याला 1981 मध्ये चार्ज हे नाव मिळालं. त्यामागचं सीएचडी 7 हे जनुक 2004 मध्ये सापडलं. म्हणून भूल देण्याआधी हृदयाची इको हवीच.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर. पडद्यावर दुर्बिणीतून दिसणारं नाक.]

1755 मध्ये योहान रोडरर या जर्मन डॉक्टरांनी हा दोष नोंदवला. यशस्वी शस्त्रक्रिया व्हायला 1854 उजाडलं. कार्ल एमर्ट यांनी सात वर्षांच्या मुलाच्या नाकातून वाकडी, टोकदार सळई घालून वाट पाडली. दिसत काहीच नव्हतं, सगळं हाताच्या अंदाजावर. पुढे टाळू उघडून ऑपरेशन होऊ लागलं. नजरेसमोर काम करता आलं, पण टाळूच्या वाढीला धक्का बसून पुढे दात वेडेवाकडे जुळायचे.

आता नाकातूनच 2.7 मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते. बारीक ड्रिलनं हाड काढतात. सर्जन वरच्या बाजूला जात नाहीत, तिथं कवटीचा तळ आहे, बाजूला रक्तवाहिनी. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा मागचा हाडाचा भागही काढतात, म्हणजे मागे एकच मोठं दार तयार होतं. दार जितकं रुंद, तितकं ते पुन्हा आवळण्याचं भय कमी.

भय मात्र उरतंच. जखम भरताना वाट आवळते, काहींना पुन्हा थिएटरमध्ये यावं लागतं. वाट उघडी राहावी म्हणून काही सर्जन नाकात काही आठवडे नळ्या ठेवतात. काही म्हणतात, नळ्यांनीच जखम चिघळते, मांस वाढतं, नाकपुडीच्या कडेला व्रण पडतो. यावर सर्जनांचं एकमत नाही. आपल्या बाळाला नळ्या ठेवणार का, किती दिवस, हे आईबापांनी मोकळेपणानं विचारावं.

[दृश्य: घर. आई बाळाच्या नाकात थेंब सोडतेय.]

खरी मेहनत घरी. मिठाच्या पाण्याचे थेंब, नाकात ठेवलेली नळी तुंबली की सक्शननं शेंबूड ओढून काढणं, रात्रीसुद्धा. घरी पाठवण्याआधी सिस्टरनं हे सगळं आईकडून, आजीकडून करून घ्यायला हवं. कागदावर लिहून दिलं म्हणजे शिकवलं असं होत नाही.

एकच बाजू बंद असलेली मुलं जास्त आहेत, आणि ती दुर्लक्षित राहतात. जिवाला धोका नसतो. एकाच नाकपुडीतून वर्षानुवर्षं घट्ट शेंबूड, आणि घरचे म्हणतात, याला सर्दीच फार. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. कधी नाकात अडकलेला मणी निघेल, कधी हा दोष. ऑपरेशन सवडीनं, मूल थोडं मोठं झाल्यावर करता येतं.

आणखी एक. थायरॉइड जास्त काम करतो म्हणून कार्बिमॅझोल ही गोळी घेणाऱ्या बायकांच्या बाळांत हा दोष आढळल्याच्या नोंदी आहेत. गोळी मनानं बंद करू नका. मूल हवं असं ठरलं की आधी डॉक्टरांशी बोला, औषध बदलता येतं.