मोज्यातली बाटली

अध्यक्ष महाराज, मित्रहो आणि शेवटच्या रांगेत दाराजवळची जागा धरून बसलेले हुशार लोक,

पत्रिकेवर आजचा विषय ‘रुची आणि भाषा’ असा छापलाय. मी दिला होता ‘डोळे झाकून वाईन’. आपल्या कार्यकारिणीला तो काही मानवला नाही. म्हणजे बघा, बाटली तीच, लेबल बदललं, आणि हॉल भरला! खरं तर माझं व्याख्यान इथेच संपतं, पण मानधन घेतलंय म्हणून पुढे बोलतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. राजारामपुरीत आमचा एक डॉक्टर मित्र आहे, त्याच्या गच्चीवर आम्ही जमलो होतो. परवाने सगळ्यांकडे होते, हे उत्पादन शुल्क खात्याचं कुणी आलं असेल तर त्यांच्या माहितीसाठी. ठरलं असं, की चौघांनी एकेक रेड वाईन आणायची, डॉक्टरनं ती झाकून ठेवायची, आणि आम्ही चव घेऊन दहापैकी गुण द्यायचे. झाकायला म्हणून त्यानं पोराचे फुटबॉलचे मोजे काढले. आता कोल्हापुरात पेठेपेठेचा फुटबॉल संघ, म्हणून मोज्याला रंग असतो आणि रंगाला पेठ असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्यातल्या एका पेठेतल्या गड्यानं तिसऱ्या नंबरच्या मोज्याकडे बघितलं आणि ग्लास नाकाजवळ न्यायच्या आधीच म्हणाला, “ह्याला दोन.” का? “रंग बघा की त्याचा!” लेबल झाकायला जे आणलं तेच लेबल झालं. पण आम्ही पुढे रेटलं. जेवण तयार होत होतं, वास जिन्यातून वर येत होता, थांबणार कोण?

इथे मला माझं एक जुनं दुखणं सांगू द्या. अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत, पण हे सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात वाईन चाखायच्या वर्गाला मी पैसे भरून गेलो होतो. शिकवायला टाय लावलेला एक तरुण. त्यानं सोव्हिन्यों ब्लाँ नावाच्या द्राक्षाची व्हाईट वाईन ओतली आणि विचारलं, काय वास येतोय? मी वास घेतला. सरळ ढबू मिरची! हिरवी, नुकती चिरलेली, बिया अजून पाटावर पडल्यात अशी. मी तसं म्हणालो. तो हसला. म्हणाला, “सर, भाजी नको, वाईनबद्दल बोलू या.” शेजारच्या बाई म्हणाल्या, “ग्रीन बेल पेपर.” “एक्सलंट!” टाळ्या! अहो, ती आणि ही काय वेगळी असते का? मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्या द्राक्षात आणि ढबू मिरचीत मेथॉक्सिपायरझीन नावाची तीच संयुगं असतात. माझं उत्तर बरोबर होतं, फक्त मराठीत होतं. मग त्यानं गूजबेरीचा वास शोधायला लावला. वर्गात एकानंही गूजबेरी बघितलेली नव्हती. कोशात बघाल तर आवळा लिहिलंय, पण आवळ्याचा आणि त्या फळाचा काही संबंध नाही. तरी सगळ्यांना वास आला. मलाही आला, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून मी ठरवलं की वाईन मराठीतच प्यायची. जांभूळ, करवंद, चिकूची साल, कात, सुपारी, गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर. शिराज नावाच्या रेड वाईनमध्ये काळी मिरी लागते असं म्हणतात ना, ती उपमा नाही, खरीच मिरी आहे. रोटंडोन नावाचं संयुग दोन्हीत असतं, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते पकडलं. आणि गंमत म्हणजे पाचातल्या जवळपास एकाला त्याचा वासच येत नाही. तेव्हा तुमची बायको म्हणाली मिरी लागते आणि तुम्हाला लागली नाही, तर भांडू नका, दोघंही खरं बोलताय.

तर गच्चीवर परत येऊ. नंबर दोनला मी आठ गुण दिले. “मऊ आहे, पिकल्या जांभळासारखी,” वगैरे बरंच बोललो. नंबर पाचला चार. “हिच्यात नुसती जळजळ आहे, कुणी आणली ही?” असंही विचारलं. मग डॉक्टरनं मोजे काढले. आम्ही बाटल्या आणल्या चार, टेबलावर मोजे पाच, आणि मोजे कुणी मोजलेच नव्हते! त्यानं एक बाटली अर्धी दुसऱ्या रिकाम्या बाटलीत ओतली होती. दोन आणि पाच एकच वाईन, नाशिकची. आणि ती आणलेली मी.

सगळे हसत असताना वहिनी वाटीत रस्सा वाढता वाढता म्हणाल्या, “भावजी, दोन नंबरच्या वेळी तुम्ही पांढरा पीत होता. पाचच्या आधी तांबड्याच्या दोन वाट्या झाल्या होत्या.” आख्ख्या रात्रीतलं सगळ्यात शास्त्रीय वाक्य ते होतं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या ग्राहींना, म्हणजे जळजळ ओळखणाऱ्या रिसेप्टर्सना, पेटवतं, तेच अल्कोहोलनंही चेतवले जातात. तांबड्यावर रेड वाईन म्हणजे आगीवर रॉकेल.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे कबूल केलेलं व्याख्यान आता सुरू करायला हवं, तर पळत पळत सांगतो.

माझ्यासारखे शहाणे जगभर आहेत. कॅलिफोर्नियात रॉबर्ट हॉजसन यांनी राज्याच्या वाईन स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा दिली. तिन्ही वेळा साधारण एकाच पदकाच्या घरात गुण देणारे निघाले दहातला एक. फ्रान्सच्या बोर्दोमध्ये 2001 साली फ्रेडरिक ब्रोशे यांनी व्हाईट वाईनमध्ये बिनचवीचा लाल रंग घालून वाईनशास्त्राच्याच 54 विद्यार्थ्यांना दिली, आणि त्यांनी तिला रेड वाईनची विशेषणं लावली. 2008 मध्ये अमेरिकेत एकच वाईन एकदा 10 डॉलरची आणि एकदा 90 डॉलरची म्हणून पाजली. 90 ची जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्येही सुखाची जागा जास्त उजळली. म्हणजे लोक थापा मारत नव्हते, त्यांना खरंच जास्त छान लागत होती.

आपण हसतो, पण मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला उभे राहा. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, दिसला की भाव चढतो, काळसर रव्याकडे गिऱ्हाईक तोंड वाकडं करून बघतं. म्हणून तर काहिलीत हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर पडते, रंग उजळायला. घरी खायला मात्र गुऱ्हाळवाला काळसरच ठेवतो. त्या 54 पोरांना नावं ठेवायच्या आधी आपल्या डब्यातला गूळ बघा.

दुसरी चिठ्ठी. ही जरा जाड अक्षरात आहे. पॅरिसची 1976 ची चाचणी राहिली, फ्रेंच परीक्षकांनी डोळे झाकून कॅलिफोर्नियाला पहिलं काढलं ती. टॅनिन, म्हणजे वाईनला तुरटपणा आणणारं द्रव्य, तेही राहिलं. चहा आलेला दिसतोय. माझा कप बिनदुधाचा ठेवा, चांगला उकळलेला. टॅनिन तिथे दाखवतो. आणि तिसऱ्या मोज्यातली बाटली कुणाची होती, हे कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो, ती त्या पेठेवाल्याचीच होती.