उरलेली औषधं द्यायची कोणाला?

हा इंदूरचा दवा बाजार, आरएनटी मार्गावरचा, एमवाय हॉस्पिटल इथून जवळच. आसपासच्या गावांतले केमिस्ट इथे माल उचलायला येतात, पेट्याच्या पेट्या रोज बाहेर पडतात. त्यातल्या सगळ्या गोळ्या काही पोटात जात नाहीत.

रामबागेत, नारायणबागेत कुठल्याही मराठी घरात विचारा, एक डबा असतोच. बीपीच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या म्हणून राहिलेल्या, अँटिबायोटिकचा अर्धा कोर्स, आणि कधी कधी, हे फार वाईट असतं, आजोबा गेले आणि त्यांच्या कॅन्सरच्या गोळ्यांचं अख्खं सीलबंद पाकीट मागे राहिलं, हजारो रुपयांचं. आजी म्हणतात, अरे फेकवत नाही, कोणाच्या तरी कामी येईल ना? प्रश्न अगदी बरोबर आहे. पण आजींना द्यायला आपल्याकडे सरळ उत्तर नाही.

कारण १९४० चा ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स कायदा. त्यात औषध विकायलाच काय, स्टॉक करायला आणि वाटायलाही लायसन लागतं. म्हणून चांगल्या मनाने कोणी देवळापाशी पेटी ठेवली आणि त्यातून गोळ्या वाटल्या तरी तो अडचणीत येऊ शकतो. दिल्लीचे ओंकारनाथ शर्मा, लोक त्यांना मेडिसिन बाबा म्हणतात, २००८ मधे लक्ष्मीनगरला मेट्रोच्या पुलाचा अपघात पाहिल्यावर दारोदार फिरून उरलेली औषधं गोळा करायला लागले. अशा माणसांना खरं तर नियमांचा आधार पाहिजे.

आणि नियम कडकच पाहिजे, हे पण मी तितक्याच जोरात म्हणेन. हे बघा, ही कापलेली स्ट्रिप. एक्सपायरी आणि बॅच नंबर दुसऱ्या तुकड्यावर गेला, आता हिच्याबद्दल कोणीच काही सांगू शकत नाही. इन्सुलिन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, मे महिन्यात इथे पारा चाळिशी पार करतो, लाइट गेले तेव्हा कोणाच्या फ्रिजमधे काय झालं कोणाला माहीत. २०२५ मधे आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या सिरपमधे डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन निघालं आणि वीसहून जास्त लेकरं गेली. अशा वेळी ती बॅच कोणाकोणाकडे गेली हे शोधावं लागतं, आणि दानपेटीतून गेलेल्या बाटलीचा हिशोब कुठेच नसतो.

डब्ल्यूएचओने १९९६ मधेच औषधदानाच्या गाइडलाइन्स काढल्या, मुख्यतः देशोदेशी जाणाऱ्या मदतीसाठी, त्यात पेशंटकडून परत आलेली औषधं देऊ नका असं स्पष्ट आहे. पण अमेरिकेच्या आयोवा राज्याने २००७ पासून आपल्यापुरता रस्ता काढलाय, सील न तुटलेलं औषध घ्यायचं, फार्मासिस्टने तपासायचं, मग गरजू पेशंटला द्यायचं.

आपल्याकडे मे २०२५ मधे सीडीएससीओची, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची, गाइडन्स आली. ट्रामाडोल, फेंटानिल, मॉर्फिन अशी जोरदार वेदनाशामकं धरून १७ औषधं उरली किंवा एक्सपायर झाली तर घरात ठेवू नका, फ्लश करा, आणि बाकीची परत घ्यायची सोय राज्यांनी करावी, असं त्यात आहे. केरळने कोझिकोडला गोळा करणं सुरू पण केलं. चांगलंच आहे, पण हे सगळं नष्ट करण्यासाठी. चांगल्या, सीलबंद गोळीचं काय, त्यावर अजून कोणी बोलत नाही.

आम्हाला वाटतं इंदूरने बोलावं. कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करणारं शहर आहे हे, आणि एवढा मोठा दवा बाजार दारात. सुरुवात फक्त कॅन्सरच्या आणि तसल्याच महागड्या, अख्ख्या स्ट्रिपमधल्या गोळ्यांनी करा, लिक्विड नको, फ्रिजवालं नको, नशेचं तर अजिबात नको. सरकारी हॉस्पिटलचा रजिस्टर्ड फार्मासिस्ट तपासेल, बॅच आणि घेणाऱ्याचं नाव रजिस्टरमधे लिहील, प्रिस्क्रिप्शनशिवाय देणार नाही, आणि एक पैसा घेणार नाही. राज्याने केंद्राकडून तेवढी सूट मागून घ्यावी.

तोपर्यंत स्ट्रिप कापून घेऊ नका, आणि फ्लश करायची ती १७ सोडून बाकी एक्सपायर झालेली औषधं कचरा गाडीच्या घरगुती घातक कचऱ्याच्या डब्यातच टाका, ओल्या-सुक्यात नाही.