वास खाणारी माती

नमस्कार मंडळी! उकिरड्यावर मातीचा थर टाकला की घाण वास बसतो, हे खेड्यात सगळ्यांनाच माहितीये. आपल्याला वाटतं मातीने वास दाबला, पण खरं म्हणजे मातीतले जीवाणू तो खाऊन टाकतात. अमेरिकेत रिचर्ड पोमेरॉय म्हणून एक इंजिनियर होते, त्यांनी गटाराचा वायू असाच मातीतून सोडायची पद्धत काढली आणि १९५७ साली पेटंटसुद्धा घेतलं. आता कारखान्यांत बायोफिल्टर म्हणतात तो यातलाच प्रकार.

दिसायला काहीच नाही हो. एक मोठा हौद, तळाला भोकाचे पाईप, वर मीटरभर कंपोस्ट, लाकडाच्या चिपा नाहीतर नारळाचा काथ्या. कारखान्यातली हवा ओली करून ब्लोअरने खालून सोडायची, ती वर यायला अर्धा-एक मिनिट लागतं, तेवढ्यात काथ्यावर चिकटलेले जीवाणू आपलं काम उरकतात. थिनरच्या वाफेचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि सडक्या अंड्यासारखा वास मारणारा हायड्रोजन सल्फाइड असतो ना, त्याचं होतं सल्फ्युरिक ॲसिड. हो, ॲसिड! त्यामुळे बेड, म्हणजे हा कंपोस्ट-काथ्याचा थर, हळूहळू आंबट होत जातो, मग पाण्याने धुवा, चुनखडी नाहीतर शिंपल्यांचा चुरा मिसळा, हे करावंच लागतं.

हीच वाफ जाळायची तर भट्टी ८०० डिग्रीच्या आसपास तापवायची, म्हणजे इंधनाचा खर्च आला, इथे ब्लोअरची वीज आणि पाणी एवढंच. पण सरसकट सगळीकडे चालतं असं नाही बरं का. हवा फार गरम असेल तर आधी थंड करायची, धूळ असेल तर गाळायची, नाहीतर बेड चोंदतो. आणि क्लोरीनवाली काही सॉल्व्हंट्स या जीवाणूंना पचतच नाहीत.

मला विचाराल तर बायोफिल्टर बिघडतो तो बहुतेक वेळा दुर्लक्षाने. मशीन समजून बसवतात आणि विसरतात, अहो, गोठ्यातल्या जनावरासारखं आहे हे, दाणापाणी रोज बघायचं. बेड सुकला की भेगा पडतात, हवा भेगांतून सरळ वर आणि वास परत गावात! दिवाळीत प्लांट बंद, जीवाणू उपाशी, मग पुन्हा सुरू केल्यावर थोडे दिवस त्यांना सवय होण्यात जातात.

तर ऑपरेटर मंडळींनी हातमोजे घालून आतला मूठभर काथ्या घट्ट पिळून बघायचा. एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त झालंय, आणि कोरडाच निघाला तर आधी स्प्रिंकलरची तोंडं तुंबलीत का ते बघा.