तुमच्यात तर चालतंच की!

(पडद्यावर: मिरज. रात्रीचं स्वयंपाकघर. ओट्यावर स्टीलचं पातेलं.)

पातेल्यात बेदाणे भिजत घातलेत. तासगावकडचे, लांबट, हिरवट. उद्या डिसेंबरचा पहिला रविवार, म्हणजे देवळात (चर्चला इथं देऊळच म्हणतात) प्रभुभोजन, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. पहाटे उठून आजी हे बेदाणे हातानं कुस्करतील, मलमलच्या फडक्यातून पिळतील आणि तो रस बाटलीत भरून पाळकसाहेबांकडे पोचवतील. त्यात मद्याचा थेंब नसतो. गेली कित्येक वर्षं हे काम त्यांच्याकडेच आहे, आणि फडकंही बहुधा तेच असावं.

आपली गोष्ट त्यांच्या नातवाची. वय सतरा, बारावी सायन्स. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, ही त्याची अट. "अजून परीक्षेपर्यंत त्याच वर्गात बसायचंय मला."

(दृश्य: हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता, रिक्षा, चहाची गाडी.)

१८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं. त्याच्याभोवती नर्सा, कंपाउंडर, शिक्षक अशी माणसं वसली. त्यांची नातवंडं-पतवंडं आज इथल्याच कॉलेजांत शिकतात. घरी नाताळात करंज्या आणि शंकरपाळ्या होतात, बोलणं पक्कं मिरजेचं. वर्गात मात्र 'ख्रिश्चन' म्हणून बहुतेकदा एकटेच.

मागच्या पावसाळ्यात एका मित्राचा वाढदिवस होता. मळ्यातल्या खोलीवर दहा-बाराजण जमलेले. बिअरचा खोका उघडला. महाराष्ट्रात बिअरला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि कडक दारूला २५, पण त्या खोलीवर कायदा कोण विचारतोय! बाकीच्यांना आग्रह चालला होता, कुणी आढेवेढे घेत होतं. याला आग्रह झालाच नाही. बाटली सरळ हातात.

"तू ख्रिश्चन ना मर्दा? तुमच्यात तर चालतंच की!"

हे वाक्य त्याला टोचलं. हिंदी सिनेमानं वर्षानुवर्षं ख्रिस्ती माणूस दाखवला तो हातात बाटली देऊनच, आणि तो सिनेमा या पोरांनी आईबापांच्या मांडीवर बसून पाहिलाय. पी म्हटलं तर नको म्हणता येतं. पण 'तू पिणाराच आहेस' असं धरूनच चालले, तर आधी मी तो नव्हे हे सांगावं लागतं, आणि मग नको म्हणावं लागतं. आता खरं सांगायचं तर ख्रिस्ती घरांत कुणी पीतच नाही असं थोडंच आहे! आजींना पिणारी घरं नावानिशी ठाऊक आहेत. कॅमेरा बंद झाल्यावर त्यांनी दोन सांगितलीही.

त्या रात्री नातू म्हणाला, "अँटिबायोटिक चालू आहे रे." सुटला. खोटं बोलून दारू टाळली तर ते पुण्य कुठल्या खात्यात धरायचं, हे पाळकसाहेबांना विचारायचा धीर त्याला अजून झालेला नाही.

पुढच्या वेळी अँटिबायोटिक चालेना. शिवाय कुणीतरी गुगल करून आलेलं: "अरे, तुमच्या येशूनंच लग्नात पाण्याची दारू केली होती की!" सगळे हसले. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात काना गावची ती गोष्ट आहे खरी, लग्नात द्राक्षारस संपला होता, दगडी रांजणही सहा होते. याला उत्तर सुचेना. घरी येऊन त्यानं आजीला विचारलं. आजी भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "लग्नघरची अब्रू राखायला केलं त्यानं ते. तुमच्या पार्ट्या रंगवायला नव्हं."

पण ते नंतर. त्या क्षणी खोलीवर हा गप्प होता आणि ग्लास पुढं आलेला. तेवढ्यात कोपऱ्यातून दुसरा एक मुलगा बोलला. सतारमेकर गल्लीतला, घरी तंतुवाद्यांचं काम.

"मलापण नको."

एवढंच. थोडा वेळ कुणी बोललं नाही, मग गाडी क्रिकेटवर गेली.

(दृश्य: भोपळ्यावर कानस चालवणारे हात. तारेचा आवाज.)

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात अमेरिकेत एक प्रयोग केला. कार्डावरच्या रेघांपैकी कोणती सारख्या लांबीची, एवढंच सांगायचं. शेंबड्या पोरालाही जमेल असं. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. त्यांच्यात बसलेला एकटा माणूस डोळ्यांना दिसतंय ते सोडून त्यांच्यासारखं बोलायला लागला. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी तसं केलं. मग ॲशनं त्या गर्दीत खरं बोलणारा एकच जोडीदार बसवला. चुकीची उत्तरं चौथ्या हिश्श्यावर आली.

शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात, बायबलातल्या दानीएलाची गोष्ट प्रत्येक मूल ऐकतं. बाबेलच्या राजाचं अन्न आणि द्राक्षारस त्यानं नाकारला. दहा दिवस भाजी नि पाणी देऊन बघा, म्हणाला. तिथं शिकवताना दानीएल असा उभा करतात, जणू भरदरबारात एकटाच. पण दानीएलाच्या पुस्तकाचा पहिला अध्याय नीट वाचा. त्याच्याबरोबर आणखी तिघं तेच भाजी-पाणी घेत होते. माझ्या मते पोरांना या तिघांबद्दल जास्त सांगायला हवं.

सगळं गोड झालं असं नाही. पन्हाळ्याची सहल ठरली, ती याला फोटो पडल्यावर कळली. ग्रुपवर कुणी त्याला 'फादर' म्हणतं. पहिले काही दिवस तो डबासुद्धा एकटाच खायचा, हे आजींना आम्ही विचारल्यावर समजलं. त्या काही बोलल्या नाहीत. चहात साखर मात्र दुप्पट पडली.

(दृश्य: नाताळच्या आधीची रात्र. कॅरलची टोळी, कानटोप्या, एक गिटार, एक ढोलकी.)

तरुण संघ घरोघर गाणी म्हणत निघालाय. ढोलकीवर बसलेला मुलगा ठेका सोडत नाही. तिसऱ्या घरी एक मावशी करंज्यांचं ताट घेऊन दारात येतात. नवा चेहरा बघून विचारतात, "छान वाजवतोस की रे! कुठल्या चर्चचा तू?"

करंजी तोंडात तशीच. "सतारमेकर गल्लीतला."

मावशी अजून एक करंजी त्याच्या हातावर ठेवतात.